हॉवरला नेहमीपेक्षा जास्त पॉवर लागते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हलकी आणि मध्यम हेलिकॉप्टरं उडवणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या लोकांकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ‘परवापर्यंत हॉवरला (एका जागी हवेत तरंगत राहायला) इतका टॉर्क (रोटर फिरवायचा पीळ) लागत नव्हता’ असं पायलट सांगतो, आणि इंजिनिअर थेट काऊलिंग (इंजिनावरचं झाकण) उघडून इंजिनाला हात घालतो. निम्म्या वेळा दोष इंजिनात नसतोच. म्हणून इथे उत्तरं मी ज्या क्रमाने शोध घेतो त्याच क्रमाने लिहिली आहेत. मर्यादा, मापं आणि कामाची पद्धत मात्र तुमच्या मशीनच्या फ्लाइट मॅन्युअल आणि मेंटेनन्स मॅन्युअलमध्ये असेल तीच धरा. हा मजकूर त्यांची जागा घेण्यासाठी नाही.

‘जास्त पॉवर’ म्हणजे नक्की कशापेक्षा जास्त?

हा प्रश्न मी प्रत्येक पायलटला विचारतो आणि बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘नेहमीपेक्षा’. नेहमी म्हणजे कधी? सकाळी अर्ध्या टाकीवर एकटे असताना की दुपारी भरल्या टाकीवर तिघं बसलेले असताना? तुलना करायला दोनच गोष्टी उपयोगाच्या. एक, त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला हॉवरचा तक्ता. दोन, याच मशीनची जुनी नोंद, तेवढंच वजन, तेवढीच उंची आणि जवळपास तेवढंच तापमान असतानाची. दुसरी जास्त मोलाची, कारण एकाच मॉडेलची दोन हेलिकॉप्टरंही हॉवरमध्ये थोडी वेगळी वागतात. मशीन तब्येतीत असतानाच हॉवरचे आकडे लिहून ठेवलेले असतील तर अर्धा तपास तिथेच होतो.

मग पहिल्यांदा काय ठरवायचं?

मागणी वाढली आहे, पुरवठा घटला आहे की मापच चुकतं आहे, हे आधी ठरवा. सगळा तपास या एका निर्णयावर उभा आहे, आणि घाईत हाच टप्पा सुटतो.

मागणी म्हणजे रोटरला तरंगत राहायला लागणारी ताकद. ती वजन, हवेची घनता, पात्यांची अवस्था, टेल रोटर (शेपटीवरचा छोटा रोटर) आणि वारा यांवर ठरते. पुरवठा म्हणजे ती ताकद तयार करताना इंजिनाला किती कष्ट पडतात.

टर्बाइनवर हा निवाडा सोपा आहे, कारण साक्षीदार एकापेक्षा जास्त असतात: टॉर्क, टीओटी (टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान), एन-वन (गॅस जनरेटरचा वेग) आणि फ्युएल फ्लो. तेवढंच वजन, तेवढीच हवा असताना टॉर्क वाढला आणि बाकी तिघेही त्याच प्रमाणात वाढले, तर रोटर खरोखरच जास्त मागतो आहे. इंजिन सोडा, वजन आणि पाती बघा. टॉर्क होता तितकाच आहे पण टीओटी, एन-वन वर गेले, तर इंजिन थकलं आहे. एकटा टॉर्क वाढला आणि बाकी तिघे जागचे हलले नाहीत, तर संशय टॉर्कच्या गेजवर किंवा रोटरच्या वेगावर घ्या.

पिस्टन इंजिनावर हे इतकं सरळ नाही. मॅनिफोल्ड प्रेशर म्हणजे सिलिंडरच्या तोंडाशी हवा किती दाबाने पोचली याचं माप. त्या हवेतून किती काम निघालं, हे त्या काट्यावर दिसत नाही. एक सिलिंडर अशक्त झाला की तोच हॉवर जास्त मॅनिफोल्ड प्रेशरवर होतो, आणि वजन वाढल्यावरही अगदी तसंच दिसतं. त्यामुळे पिस्टनवाल्यांनी वजन आणि हवा आधी पक्की करायची, मग इंजिनाकडे वळायचं.

तपास होईपर्यंत उडवत राहिलं तर चालेल का?

बदल हळूहळू, काही महिन्यांत आला असेल आणि सगळे आकडे मर्यादेत असतील, तर चाचणीपुरतं उडवता येतं. मात्र एका फ्लाइटपासून दुसऱ्या फ्लाइटपर्यंत अचानक फरक पडला असेल तर मशीन जमिनीवरच ठेवा. सोबत नवं कंपन, चिप लाइट (तेलात धातूचे कण आल्याचा इशारा देणारा दिवा), गिअरबॉक्सच्या तेलाचं वाढलेलं तापमान, जळका वास, इंजिन आणि रोटरच्या काट्यांमध्ये पडलेली फट यांपैकी काहीही असेल तर ‘एकदा हॉवर करून बघू’ हा विचारही करू नका. जास्तीची पॉवर जाते कुठे? एक तर हवेत, नाही तर उष्णता होऊन एखाद्या बेअरिंगमध्ये किंवा ब्रेकमध्ये. दुसरी शक्यता फार वाईट आहे.

चाचणीचा हॉवर कसा घ्यायचा?

वारा जवळजवळ नसताना, म्हणजे साधारण ३ नॉटच्या आत. ही अट फार कडक वाटते, पण तिच्यामागे हिशेब आहे. १,१०० किलोचं, १० मीटर व्यासाच्या रोटरचं हेलिकॉप्टर धरा. समोरून १० नॉट वारा असेल तर हवा खाली ढकलायला लागणारी पॉवर, जिला इंड्यूस्ड पॉवर म्हणतात, ती साधारण १० टक्क्यांनी कमी होते. म्हणजे हलक्या वाऱ्यात आजारी मशीन निरोगी दिसतं आणि दुसऱ्या दिवशी वारा पडला की ‘अचानक’ बिघडतं. अशा किती तरी तक्रारींचं मूळ वाऱ्यात असतं.

जमीन सपाट आणि कडक हवी, आजूबाजूला भिंत किंवा हँगर नको. स्किडची (खालच्या नळ्यांच्या पायांची) उंची तक्त्यात दिलेली असेल तीच. टेलविंड, म्हणजे मागून वारा, नको. आरपीएम (रोटरचे मिनिटाला फेरे) बरोबर १०० टक्के किंवा मॅन्युअल सांगेल तेवढा. हीटर, अँटी-आइस, एअर कंडिशनर बंद. पेडल (टेल रोटरचे) आणि सायक्लिक (मशीन पुढे-मागे, बाजूला नेणारी दांडी) शक्य तितके स्थिर धरून अर्धा मिनिट थांबा, काटे स्थिरावू द्या, मग सोबत बसलेल्याने आकडे लिहायचे. पायलटने स्वतः वाचू नयेत, त्याची नजर बाहेरच हवी. मग तोंड उलट दिशेला करून तेच पुन्हा. दोन्ही दिशांच्या आकड्यांत मोठा फरक आला तर वारा आहे, चाचणी रद्द.

गेज चुकतं आहे हे कसं ओळखायचं?

इंजिन बंद असताना सुरुवात करा. मॅनिफोल्ड प्रेशर गेजने तेव्हा बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा: समुद्रसपाटीला सुमारे ३० इंच, आणि दर १,००० फुटांना साधारण १ इंच कमी. टॉर्कमीटरचा काटा शून्यावर हवा. इथे फरक दिसला तर पुढचं काही न करता गेज दुरुस्तीला द्या.

पण ही चाचणी पास झाली म्हणून गेज निर्दोष ठरत नाही. मॅनिफोल्ड प्रेशरच्या नळीला बारीक चीर असेल तर बाहेरची हवा आत शिरते आणि काटा बाहेरच्या दाबाकडे, म्हणजे वर ओढला जातो. इंजिन बंद असताना आत-बाहेर दाब सारखाच, त्यामुळे तेव्हा काहीच कळत नाही. हॉवरमध्ये मात्र गेज जास्त दाखवतं आणि सगळे इंजिन उघडायला धावतात. ती रबरी नळी जोडाजवळ बोटांत धरून हलकेच वाकवून बघा. जुन्या रबराच्या भेगा वाकवल्यावरच तोंड उघडतात.

टॉर्कमीटरचंही तसंच. शून्य बरोबर आणि वरच्या टोकाला चूक, असं होऊ शकतं. त्यासाठी मॅन्युअलप्रमाणे कॅलिब्रेशन करावं लागतं. रोटरचा टॅकोमीटर (आरपीएम दाखवणारं गेज) हातातल्या ऑप्टिकल टॅकोमीटरशी ताडून बघणंही सोपं आहे, आणि ते का महत्त्वाचं आहे ते लगेच पुढे येतं.

आरपीएम एखाद-दोन टक्के इकडे-तिकडे असला तर काय बिघडतं?

पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम. रोटर १०० ऐवजी ९७ टक्क्यांवर फिरत असेल तर तेवढ्याच पॉवरसाठी टॉर्कचा काटा सुमारे ३ टक्के वर दिसतो. मशीनला काहीही झालेलं नसतं. टॅकोमीटर ३ टक्के जास्त दाखवत असेल तर पायलटला १०० दिसतात, प्रत्यक्षात ९७ असतात, आणि तक्रार येते, ‘टॉर्क जास्त लागतो, कलेक्टिव्हही (सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणारा लिव्हर) वर येतो.’ गव्हर्नरचं (आरपीएम आपोआप कायम राखणाऱ्या यंत्रणेचं) सेटिंग आणि टॅकोमीटर या दोन गोष्टी तपासायला तास लागत नाही. त्या न तपासता पात्यांना हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

वजन तर लोडशीटवर बरोबर आहे. तरी वजनावर संशय घ्यायचा?

आधी वजनावरच घ्यायचा. लोडशीट म्हणजे शेवटच्या वजनकाट्यानंतर केलेली बेरीज-वजाबाकी आहे. मधल्या काळात नवा रेडिओ, कॅमेऱ्याचा माउंट, रंगाचा आणखी एक थर, सीटखाली साठत गेलेली अवजारं असं बरंच काही चढत जातं.

हॉवरमध्ये वजनाची शिक्षा सरळ प्रमाणात मिळत नाही, त्याहून जास्त मिळते. इंड्यूस्ड पॉवर वजनाच्या दीड घाताने वाढते: वजन १० टक्के वाढलं तर ती सुमारे १५ टक्के वाढते. वरचंच १,१०० किलोचं उदाहरण घ्या. त्याला समुद्रसपाटीला आदर्श हिशेबाने सुमारे ८१ किलोवॅट इंड्यूस्ड पॉवर लागते. त्यात फक्त ५० किलो घातले की ८६ च्या वर जाते, म्हणजे साडेसात हॉर्सपॉवरची भर, आणि प्रत्यक्षातला रोटर आदर्श नसल्यामुळे त्याहूनही थोडी जास्त.

एका मशीनवर आम्ही कितीतरी दिवस घालवले होते. कंप्रेसर धुतला, ट्रॅकिंग (सगळी पाती एकाच पातळीत फिरतील अशी जुळवणी) पुन्हा केलं, गव्हर्नर बदलला, आकडा हलेना. शेवटी वजनकाट्यावर चढवलं तर तीसएक किलो जास्त भरलं. मागच्या केबिनच्या फरशीखालचं इन्सुलेशन उचललं तेव्हा हाताला ओल लागली. दाबलं तर स्पंजसारखं पाणी गळायला लागलं. ड्रेनचं भोक मातीने बुजलेलं होतं. तेव्हापासून ड्रेनची भोकं मी स्वतः तार घालून बघतो.

वजन करताना मशीन बंद हँगरमध्ये, वारा लागणार नाही असं, लेव्हल करून, स्वच्छ आणि कोरडं हवं. इंधनाचा हिशेब लिटरमध्ये करून थांबू नका: १०० लिटर अ‍ॅव्हगॅस साधारण ७२ किलो, तेवढंच जेट इंधन साधारण ८० किलो. आणि माणसांची वजनं विचारून लिहू नका, काट्यावर उभं करा. लोक कमीच सांगतात.

पोटाखाली टाकी किंवा कॅमेरा लावल्यापासून वजनापेक्षाही जास्त फरक पडला आहे. हे शक्य आहे का?

हो. रोटरचा वारा सरळ खाली येऊन बॉडीवर आपटतो आणि तिला खाली दाबतो. वरून दिसणारं सपाट क्षेत्रफळ वाढलं की हा दाब वाढतो. रुंद पायऱ्या, बाजूची बास्केट, फ्लोट यांचा परिणाम वजनकाट्यावर दिसत नाही, हॉवरमध्येच दिसतो. एकदा ती वस्तू काढून चाचणी घ्या, शंका फिटेल.

उन्हाळ्यात दरवर्षी ही तक्रार येते. तो दोष म्हणायचा का?

दोष म्हणायचा नाही, पण हिशेब करायचा. प्रमाणित वातावरणात समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअस धरतात आणि दर १,००० फुटांना सुमारे २ अंश कमी. प्रमाणापेक्षा प्रत्येक अंश जास्त म्हणजे डेन्सिटी अल्टिट्यूडमध्ये (हवेच्या घनतेप्रमाणे भासणाऱ्या उंचीत) सुमारे १२० फूट जास्त. प्रेशर अल्टिट्यूड (हवेच्या दाबावरून काढलेली उंची) २,००० फूट आणि तापमान ३६ अंश असेल तर प्रमाणापेक्षा २५ अंश जास्त, म्हणजे ३,००० फुटांची भर. हेलिकॉप्टरच्या दृष्टीने ते ५,००० फुटांवर उभं आहे. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ८६ टक्के असते, आणि इंड्यूस्ड पॉवर ७ ते ८ टक्के वाढते. इंजिनाला मात्र तीच पातळ हवा मिळते, त्यामुळे मागणी वाढते तेव्हाच पुरवठा घटतो.

दमटपणा बहुतेक तक्त्यांत धरलेला नसतो. ३५ अंशांची पूर्ण दमट हवा कोरड्या हवेपेक्षा साधारण २ टक्के हलकी असते. रोटरला हा फरक किरकोळ, पण पिस्टन इंजिनाला जास्त जाणवतो, कारण वाफ ऑक्सिजनची जागा अडवते.

गवतावर जास्त पॉवर लागते, काँक्रीटवर नाही. का?

जमिनीजवळ रोटरचा प्रवाह अडतो आणि काम हलकं होतं. हा ग्राउंड इफेक्ट रोटरच्या एका व्यासाइतक्या उंचीपलीकडे जवळजवळ उरत नाही. उंच गवत, झुडपं, पाणी किंवा उतार असेल तर तो कमी मिळतो. भिंतीजवळ किंवा झाडांच्या मधल्या मोकळ्या जागेत तर उलटंच होतं: खाली गेलेली हवा कडेने वर चढून पुन्हा रोटरमध्ये शिरते. मशीन ठीक आहे, जागा बदला.

पाती नुसती मळली तर इतका फरक पडतो?

पडतो, आणि हा तपास फुकटचा आहे. हॉवरमधल्या पॉवरचा ढोबळ मानाने पाव ते तिसरा हिस्सा पाती हवेतून ओढण्यातच जातो. त्याला प्रोफाइल पॉवर म्हणतात. तो हिस्सा पात्याच्या पुढच्या कडेच्या गुळगुळीतपणावर अवलंबून असतो.

रोटर पूर्ण थांबल्यावर, ब्रेक लावून, शिडीवर चढा आणि पात्याच्या पुढच्या कडेवरून मुळापासून टोकाकडे बोटांची टोकं फिरवत जा. पहिला अर्धा भाग बहुधा काचेसारखा लागतो. पुढे वाळलेले किडे खरखर लागायला लागतात. टोकाच्या शेवटच्या तिसऱ्या भागात, जिथे वेग सगळ्यात जास्त, तिथे किड्यांच्या खालीही खरखरीतपणा उरला असेल तर ती झीज आहे: पावसाने, वाळूने रंग खाल्लेला, कधी धातूवर बारीक खड्डे. डोळ्यांना ते दिसत नाही, नखाला अडकतं. मळ असेल तर कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ फडकं; खरवडायचं नाही. धुण्याआधी आणि धुतल्यावर एकाच सकाळी हॉवरची चाचणी घ्या, फरक स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

पुढच्या कडेला संरक्षक टेप लावलेली असेल तर तिची कड नीट बघा. टेपची पायरी किंवा उचललेलं टोक प्रवाह बिघडवतं. रंगकाम करताना कडेवर राहिलेला रंगाचा उंचवटाही तेच करतो. नुकतंच दुरुस्त होऊन आलेलं पातं असेल तर त्याचा आकार मूळ साच्याशी जुळतो का, हे त्या दुरुस्ती केंद्राला लेखी विचारा.

दव गोठून पात्यावर पांढरा थर आला असेल तर ही चर्चाच नाही. तो पूर्ण काढल्याशिवाय उड्डाण नाही.

पिच लिंक (पात्याचा कोन बदलणारे दांडे) बदलल्यापासून कलेक्टिव्ह वर धरावा लागतो. पॉवर वाढली आहे का?

कलेक्टिव्हची जागा आणि पॉवर यांत गल्लत होते. पात्याला हॉवरसाठी जो कोन लागतो तो लागतोच. सगळ्या लिंक थोड्या आखूड झाल्या तर तोच कोन मिळवायला लिव्हर जास्त उचलावा लागतो, पण टॉर्क तेवढाच राहतो. म्हणून काटा बघा. टॉर्क जुनाच असेल तर प्रश्न रिगिंगचा (कंट्रोलच्या दांड्यांच्या जुळवणीचा) आहे, पॉवरचा नाही.

रिगिंग तपासायचा खरा मार्ग ऑटोरोटेशनमधला (इंजिनाशिवाय खाली येताना हवेने रोटर फिरत राहतो तेव्हाचा) आरपीएम. कलेक्टिव्ह पूर्ण खाली असताना, ठरलेलं वजन आणि डेन्सिटी अल्टिट्यूड असताना, रोटर किती फिरायला हवा याचा तक्ता मॅन्युअलमध्ये असतो. कमी फिरला तर खालच्या टोकाला कोन जास्त आहे, जास्त फिरला तर कमी. हा आकडा चुकीचा ठेवून उडणं धोक्याचं आहे, कारण इंजिन बंद पडेल त्या दिवशी त्याच आरपीएमवर जीव असतो. ही चाचणी अनुभवी पायलटनेच करावी.

एकच पातं वेगळ्या कोनात असेल, म्हणजे ट्रॅक बिघडला असेल, तर थोडी पॉवर वाया जाते, पण त्याआधी कंपन ओरडून सांगतं. कंपनाशिवाय पॉवर वाढली असेल तर ट्रॅकिंगवर फार वेळ घालवू नका.

टेल रोटर किती खातो?

हॉवरमध्ये मशीनप्रमाणे एकूण पॉवरच्या साधारण ५ ते १५ टक्के. तो बिघडला तर मुख्य रोटरवर काहीच सापडत नाही आणि माणूस चक्रावतो.

वरून बघताना मुख्य रोटर घड्याळाच्या उलट फिरत असेल, जसा बहुतेक अमेरिकन मशीनवर असतो, तर डावं पेडल जास्त पॉवर मागतं. फ्रेंच आणि रशियन मशीनवर बहुधा उजवं. स्थिर हॉवरमध्ये त्या बाजूचं पेडल पूर्वीपेक्षा जास्त दाबावं लागत असेल तर टेल रोटरची पाती हाताने तपासा: मळ, झीज, पुढच्या कडेचा ठोका. ती मुळातच छोटी आणि जमिनीजवळ असल्याने खडी-वाळूचा मार त्यांनाच जास्त बसतो. मुख्य पाती चकचकीत धुऊन टेल रोटर विसरणारे मी बरेच पाहिले आहेत. पेडलची जागा बदलली पण पॉवर नाही, तर तिथेही प्रश्न रिगिंगचाच.

पिस्टन इंजिनात काय काय बघायचं?

लक्षणं दोन प्रकारची असतात, ती वेगळी करा. पहिलं: हॉवरचं मॅनिफोल्ड प्रेशर नेहमीइतकंच, पण वरची शिल्लक कमी झाली, जरा उचललं की थ्रॉटल पूर्ण उघडतो आणि आरपीएम ढासळायला लागतो. म्हणजे हवा आत येताना कुठेतरी अडते. एअर फिल्टर, कोसळलेला इनटेक होज, कार्ब्युरेटरमधला बर्फ. गव्हर्नर असलेल्या मशीनवर हा बर्फ लपून राहतो, कारण आरपीएम टिकवायला गव्हर्नर गुपचूप थ्रॉटल उघडत राहतो. बाहेर ऊन असलं तरी हवा दमट असेल तर बर्फ धरतो. कार्ब्युरेटरचं तापमान गेजवर बघा.

दुसरं: हॉवरचं मॅनिफोल्ड प्रेशरच वाढलं. म्हणजे तेवढ्या हवेतून कमी काम निघतं. मॅग्नेटो (स्पार्कसाठी वीज देणारं यंत्र) चाचणीत आरपीएम किती पडतो ते बघा, मग मॅग्नेटोचं टायमिंग, स्पार्क प्लग, मिश्रण. कार्ब हीटचा (कार्ब्युरेटरला गरम हवा देणाऱ्या सोयीचा) दरवाजा पूर्ण बंद होतो का ते हात घालून बघा. केबल ढिली असेल तर नॉब आत गेला तरी दरवाजा अर्धवट उघडाच राहतो आणि इंजिन सतत गरम हवा ओढतं. आत जाणारी हवा ५–६ अंशांनी तापली की साधारण १ टक्का ताकद जाते. मग सिलिंडरची कॉम्प्रेशन चाचणी, ८० पीएसआय लावून प्रत्येक सिलिंडर किती धरतो ती. एक्झॉस्टचा मफलर आतून तुटून तोंड अडवत नाही ना, हे टॉर्च मारून बघा.

सगळं ठीक असूनही इंजिन मंद असेल तर कॅमशाफ्टचा लोब झिजला आहे का तपासा. झडप पूर्ण उचलली जात नाही, सिलिंडर पूर्ण भरत नाही, आणि कॉम्प्रेशन चाचणीत मात्र काहीच दिसत नाही, कारण ती झडपा बंद असताना घेतात. तेलाच्या फिल्टरमधले लोखंडी कण हा तिथला सुगावा.

टर्बाइनमध्ये?

पॉवर अ‍ॅश्युअरन्स चेकने सुरुवात. ठरलेल्या प्रेशर अल्टिट्यूडला, ठरलेल्या तापमानात, ठरलेल्या टॉर्कला टीओटी किती चालेल हे तक्ता सांगतो. नापास झालं तर बहुतेक वेळा कंप्रेसर मळलेला असतो. समुद्राजवळ मिठाचा थर, शेतावर फवारणीची पूड. मॅन्युअलप्रमाणे कंप्रेसर वॉश करा आणि चेक पुन्हा घ्या. वॉशनंतरही आकडा सुधारला नाही तर वाळूने पात्यांची झीज, इनलेटचा सेपरेटर तुंबणं, ब्लीड एअरची (कंप्रेसरमधून काढून घेतलेल्या हवेची) गळती, ब्लीड व्हॉल्व्ह उघडा अडकणं, हॉट सेक्शनची (ज्वलन आणि टर्बाइनच्या भागाची) झीज अशा क्रमाने पुढे जा.

एक छोटी चाचणी फार उपयोगी पडते. मर्यादेत राहून अँटी-आइस चालू करा. इंजिनाची हवा तिकडे वळते, त्यामुळे टीओटी थोडा चढायला हवा आणि बंद केल्यावर उतरायला हवा. काहीच हललं नाही तर व्हॉल्व्ह अडकला आहे. बंद अडकला असेल तर बर्फात धोका, उघडा अडकला असेल तर तुमची हरवलेली पॉवर तिथेच जाते आहे.

बेल्ट, ब्रेक आणि गिअरबॉक्स यांत किती पॉवर जाऊ शकते?

निरोगी अवस्थेत फार कमी. म्हणून तिथे जाणवण्याइतकी पॉवर जात असेल तर ती उष्णता होऊन बाहेर पडतेच. रोटर ब्रेक घासत असेल तर डिस्कवर निळसर छटा आणि वास येतो. असं मशीन आगीच्या भीतीने तिथेच थांबवा. बेल्टवाल्या मशीनवर बेल्ट घसरला तर इंजिनाचा काटा रोटरच्या काट्यापुढे जातो. फ्रीव्हील क्लचचंही (इंजिन मंदावलं की रोटरला सुटा करणाऱ्या जोडाचंही) लक्षण तेच, आणि तो हळू इशारा देत बसत नाही. बंद केल्यावर रोटर हाताने उलटसुलट फिरवताना पूर्वीपेक्षा जड लागतो का, खरखर ऐकू येते का, हे रोज बघणाऱ्या माणसाला लगेच कळतं.

जनरेटर, लाइट यांचा भार?

२८ व्होल्टवर १०० अँपिअर म्हणजे २.८ किलोवॅट, जनरेटरमधली हानी धरून सुमारे ५ हॉर्सपॉवर. छोट्या मशीनवर नोंद घेण्याइतका आहे, पण तक्रारीचं मूळ सहसा इथे नसतं.

सगळं तपासलं, प्रत्येक गोष्ट मर्यादेत आहे, तरी तक्त्यापेक्षा जास्त लागते. आता?

मग बहुधा एक मोठा दोष नसून चार छोटे आहेत. वजनात १५ किलो, टॅकोमीटरमध्ये १ टक्का, पात्यांची थोडी झीज, टॉर्कमीटरची थोडी चूक: प्रत्येक गोष्ट आपापल्या मर्यादेत, पण सगळ्यांची दिशा एकच. अशा वेळी दोन गोष्टी एकदम बदलू नका. टॅकोमीटर दुरुस्त करा, हॉवर घ्या, आकडा लिहा. मग पाती धुवा, हॉवर घ्या, आकडा लिहा. वेळ लागतो, पण प्रत्येक टक्का कुठून आला ते कळतं.

तोपर्यंत पायलटने तक्त्यातून जेवढा भार काढला असेल त्यातून या जास्तीच्या पॉवरइतका भार वजा करूनच उचलायचं. तक्त्यात ग्राउंड इफेक्टच्या बाहेर हॉवर बसत असेल आणि तुमच्या मशीनला प्रत्यक्षात ५ टक्के टॉर्क जास्त लागत असेल, तर त्या कागदावरच्या उंचीला तुम्ही तरंगू शकणार नाही. हा फरक लाल शाईने लॉगबुकमध्ये लिहा आणि पुढच्या पायलटच्या हातात लॉगबुक देताना तोंडानेही सांगा.